आई वेडी झाली होती त्या साली

अकोल्यात राहणाऱ्या बाईला उकडतं, ही काही बातमी नाही. एप्रिल-मेमध्ये इथे माणसं, भिंती, नळाचं पाणी, सगळंच तापलेलं असतं. त्यामुळे माझं दुखणं ज्या उन्हाळ्यात सुरू झालं, त्या उन्हाळ्यात ते कुणाला दिसलंच नाही. मलाही नाही. आणि मी तर शाळेत भूगोल शिकवते. वर्षभर मुलांकडून तापमानाचे आलेख काढून घेणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगातली उष्णता कुठली आणि बाहेरची कुठली, हे कळलं नाही.

मी जठारपेठेत राहते. नवरा दिलीप, वीज खात्यात नोकरीला. मुलगी शिकायला अमरावतीला. हे सगळं झालं तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. आता बरी आहे. अगदी ठणठणीत नाही, पण माणसात आले आहे. लिहायला बसण्याचं कारण इतकंच, की परवा आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई माझ्याजवळ सरकल्या आणि कानात म्हणाल्या, "मॅडम, तुमाले झालं होतं ते मलेई होऊन रायलं. काय केलं तुमी?" कानात कशाला सांगायचं? मी मोठ्याने सांगते.

ऊन लागलं

पहिल्यांदा झालं ते वर्गात. फळ्यावर अक्षवृत्तं काढत होते. छातीतून एकदम वाफ उठली आणि गळ्यापर्यंत, मग कानापर्यंत चढली. भाताच्या कुकरचं झाकण तोंडासमोर उघडलं की कसं वाटतं, तसंच. पण झाकण आतल्या बाजूला होतं. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला, खडू हातातून निसटला आणि थोड्या वेळाने थंडी वाजायला लागली. मुलांनी पंखा वाढवला. कुणीतरी पाणी आणलं.

स्टाफरूममध्ये निदान झालं: ऊन लागलं. आमच्याकडे या निदानाला डॉक्टर लागत नाही. पर्समध्ये कांदा ठेवा, कैरीचं पन्हं घ्या, धन्याचं पाणी प्या, गुलकंद खा. मी सगळं केलं. दिलीपने तर काशाच्या वाटीने माझ्या तळपायांना तूप चोळलं. वाटी काळी पडली की उष्णता निघाली असं समजायचं. वाटी काळी झाली, दिलीप खूश झाला, आणि मला त्याच्यासमोरच पुन्हा घाम फुटला.

"लय उष्णता हाये तुह्या अंगात," तो म्हणाला आणि जाऊन कुलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून आला.

पाळी मागेपुढे होत होती. दोन महिने नाही, मग आली की थांबायचं नाव नाही. तेही मी परीक्षेच्या कामाच्या माथी मारलं. शाळेतल्या बाईला काहीही झालं की परीक्षेवर ढकलता येतं.

झोप

घामाचं काही नाही, पदर आहे पुसायला. माझं खरं दुखणं झोपेचं. पडल्यावर डोळा लागायचा, पण मध्येच भिजून जाग यायची, काळीज धडधडत असायचं, आणि मग गेलेली झोप परत यायची नाही. असं रोज. एक दिवस झोप नाही झाली तर माणूस जांभया देतो. महिनोन्‌महिने झाली नाही तर माणूस बदलतो. मी बदलले.

शिकवताना 'विषुववृत्त' हा शब्द आठवेना. अर्धं आयुष्य ज्या शब्दावर काढलं, तोच. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी फळ्यावरच्या आडव्या रेषेकडे बोट दाखवत उभी होते. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितलं, आणि मी तिच्यावरच खेकसले. एकदा रिक्षावाला नुसता "बसा ताई" म्हणाला तर मला रडू आलं. एवढं मायेने तो काही बोलला नव्हता, पण मला तेवढंही पुरलं.

एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणल्या. हे अजिबात करू नका. सकाळी डोक्यात ओला कापूस कोंबल्यासारखं व्हायचं आणि घाम येतच होता. नंतर डॉक्टरांनी त्यावरून मला चांगलंच झापलं.

दिलीपशी भांडणं व्हायला लागली. कशावरूनही. भाजीत मीठ, उघडं राहिलेलं दार, मुलीला केलेला फोन. एके दिवशी तो ताट सरकवून म्हणाला, "तुले होऊन काय रायलं थे सांग ना एकदा. भांडायचं कोनासंग, थे तरी समजू दे मले."

मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. पण ते तोंडातून निघत नव्हतं. मला वेड लागत होतं. आईला लागलं होतं तसंच.

आई

माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं. आमचा पानमळा होता, अजूनही त्याचा एक तुकडा भाऊ प्रकाश सांभाळतो. विड्याच्या पानाचा मळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते: भर मे महिन्यात बाहेर डोळे उघडवत नाहीत, आणि आत पाऊल टाकलं की गार सावली, ओली माती, शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल. आत चप्पल घालून जायचं नाही. आणि पाळी चालू असलेल्या बाईने तर मुळीच नाही. वेल जळतात म्हणे. हे कुणी शिकवत नाही, घरातल्या मुलीला ते चालायला लागल्यापासून माहीत असतं.

मी बाहेरगावी बारावीला होते त्या साली आईची झोप गेली. आई म्हणजे सुमन, सगळ्या घराचा स्वयंपाक एकटीने ओढणारी, कधी आवाज न चढवणारी बाई. ती रडायला लागली, भांडायला लागली, काम अर्धं टाकून अंगणात येऊन बसायला लागली. मी सुट्टीत घरी गेले तर ती भर दुपारी पाण्याच्या रांजणाला गाल लावून बसलेली. लुगडं ओलं, डोळे मिटलेले. मी हाक मारली तर म्हणाली, "राहू दे माय, इथं बरं वाटते."

पाळी कित्येक महिने आली नव्हती, म्हणून आईला वाटलं ती गेली, आता आपल्याला मळ्यात जायला हरकत नाही. तिथे गारवा होता. ती दुपारची मळ्यात जाऊन बसायला लागली. आणि एक दिवस आतच पाळी आली. बाहेर येताना लुगड्यावरचा डाग बांधावरच्या माणसांनी पाहिला.

त्याच पावसाळ्यात वेल पिवळे पडले. बुडापासून सगळा मळा बसला. मोठे काका एकच वाक्य बोलले, "सुमन गेली होती मळ्यात." त्यानंतर कुणाला काही बोलायची गरज उरली नाही.

झोप नाही, रडणं, भांडणं आणि वर हे. घराने ठरवलं की बाहेरचं लागलं. एका भगताकडे नेलं, बरेच शनिवार नेलं, गळ्यात ताईत बांधला. काही वर्षांनी आई हळूहळू शांत झाली आणि श्रेय ताइताला गेलं. पण मळ्यात तिने पुन्हा पाय ठेवला नाही. डबा घेऊन गेली तरी बांधावर बसून हाक मारायची.

आमच्या घरात त्या वर्षाला नाव पडलं. आंब्याचं कलम कधी लावलं? आई वेडी झाली होती त्या साली. टेबलफॅन कधी आणला? आई वेडी झाली होती त्या साली. कुणी वाईट मनाने म्हणायचं नाही, पुराचं किंवा दुष्काळाचं वर्ष सांगावं तितक्या सहज. आई स्वतःही तसंच म्हणायची. "मी येडी झाली होती ना, त्या साली."

आता तुम्हाला कळेल, मला कशाची भीती वाटत होती. मला मरणाचं भय नव्हतं. आपल्या मुलीने पुढे कधीतरी कुणाला सहज सांगावं, की हे कपाट ना, आई वेडी झाली होती त्या साली घेतलं, याचं भय होतं.

कुलर

दसरा झाला की दिलीप कुलर काढतो. टाकी धुतो, ताट्या उन्हात वाळवतो, जुन्या चादरीत गुंडाळून कुलर गॅलरीत नेऊन ठेवतो. लग्न झाल्यापासून त्याने हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. त्या दसऱ्याला तो पाना घेऊन आला, मी म्हटलं, "राहू द्या." दिवाळीत आला, मी म्हटलं, "राहू द्या." मग तो यायचा थांबला.

डिसेंबर आला. आमच्याकडे ऊन जसं पडतं तशी थंडीही पडते. मी सुती गाऊनमध्ये कुलरसमोर, आणि शेजारी दिलीप स्वेटर, कानटोपी आणि रजईत. नाक तेवढं बाहेर. मी म्हटलं, "अहो, तुम्ही हॉलमध्ये झोपा. आजारी पडाल."

"काहून? मी काय पाहुणा आहो काय?"

त्या सगळ्या महिन्यांत मला जे काही मिळालं, त्यात हे वाक्य मी सगळ्यात वर ठेवते. त्याला सर्दी झाली, खोकला झाला, ऑफिसमध्ये लोक चौकशी करायला लागले. पण खोली त्याने सोडली नाही.

त्याच महिन्यात नात्यातल्या लग्नाला आई अकोल्याला आली. शाल पांघरून, पायात मोजे घालून. दुपारी मी शाळेतून येऊन कुलर लावून पडले होते. आई चहाचा कप घेऊन खोलीच्या दारात आली आणि तिथेच थबकली. आधी कुलरकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या मानेकडे.  तिने कप खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"झोप?"

"नाही गं."

"रडू येते?"

 तिला उत्तर दिसतच होतं.

"माहं तुले लागलं माय," आई म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. "मले वाटलं माह्यासंगच जाईन थे. तुले काहून लागलं?" रडता रडता तिने गळ्यातला ताईत काढला. इतकी वर्षं आंघोळीलाही न काढलेला, दोरा काळा झालेला. तो तिने माझ्या गळ्यात बांधला.

मी विज्ञान-भूगोलवाली बाई. मी तो बांधू दिला. आईची बोटं मानेला लागत होती, थंडगार, आणि मला ते फार बरं वाटत होतं.

पण आई गेल्यावर मी आरशासमोर बसले आणि पहिल्यांदा सरळ विचार केला. तिला गार रांजण लागत होता, मला कुलर लागतो. तिची झोप गेली, माझी गेली. तिचं वय तेव्हा जेवढं होतं तेवढंच आता माझं. तिची पाळी अशीच मागेपुढे होत होती. वेड असं वय बघून येतं का? आणि दोघींच्या घामातूनच येतं का?

संध्याकाळी दिलीप आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आईचं, मळ्याचं आणि माझ्या भीतीचंही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मंग डॉक्टरकडं जाऊ ना. तू सांगतलंच नाई तर मी काय पेपरात वाचू?"

निदानाचा दिवस

डॉक्टर अमरावतीची शोधली. अकोल्यात कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी चिठ्ठी लिहिणारी मुलगी माझी विद्यार्थिनी निघते आणि "मॅडम तुम्ही?" करत सगळ्यांना उठवते. अमरावतीत मुलगी होतीच, तिने नंबर लावून ठेवला.

बाहेरच्या बाकांवर सगळ्या पोटुशा मुली. त्यांच्यात आम्ही दोघं. एक मुलगी दिलीपला म्हणाली, "काका, सुनबाईला घेऊन आले काय?" दिलीप म्हणाला, "नाई वो, बायकोले," आणि उगाच ताठ होऊन बसला. मी खूप दिवसांनी हसले.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. बोलता बोलता त्यांनी रुमालाने स्वतःचा गळा पुसला आणि हसल्या, "हो, माझंही चालू आहे. सांगा तुम्ही." तिथेच माझी अर्धी भीती उतरली.

मी सांगत गेले, त्या मधेमधे विचारत गेल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईची पाळी कोणत्या वयात गेली?"

मी म्हटलं, "नक्की माहीत नाही. ती त्या साली वेडी झाली होती."

त्यांचं पेन थांबलं. "वेडी म्हणजे? काय करत होत्या?"

मी सांगितलं. रांजण, रडणं, मळा. सांगताना मला स्वतःलाच ऐकू येत होतं, की मी आत्ताच, याच खुर्चीत, माझ्याबद्दल हेच सांगून झाले आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना तपासल्याशिवाय मी खात्रीने काही बोलणार नाही. पण तुम्ही जे सांगताय ते मी रोज ऐकते. ज्यांच्याकडून ऐकते त्या वेड्या नसतात. त्यांची पाळी जात असते."

मी तिथेच रडले. दिलीपने रुमाल पुढे केला, डॉक्टरांनीही पुढे केला, माझ्या हातात दोन रुमाल.

मग त्यांनी समजावलं. पाळी जाण्याआधीची काही वर्षं अशी असतात, की अंडाशयातून येणारी हार्मोन्स एकदम बंद होत नाहीत, कधी भरपूर, कधी अगदीच कमी अशी येतात. शरीराचं तापमान सांभाळणारी मेंदूतली जागा त्याने बिथरते. जरा उष्णता वाढली की तिला वाटतं आग लागली, आणि ती घाम सोडते. झोप आणणारं हार्मोनही त्यातच कमी होतं. झोप मोडली की चिडचिड, विसरभोळेपणा, रडू हे मागोमाग येतं.

"म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त होऊन रायलं," दिलीप म्हणाला.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. दिलीपचा चेहरा एकदम उजळला. इतके महिने त्याला जे कळत नव्हतं ते त्याच्या खात्यातलं निघालं होतं. परत येताना बसमध्ये तो मला ट्रान्सफॉर्मरबद्दल समजावत होता आणि मी ऐकत होते. बडनेऱ्याच्या पुढे कधीतरी माझा डोळा त्याच्या खांद्यावर लागला.

औषध

सुटका लगेच झाली नाही. आधी तपासण्या. थायरॉइड, रक्त, रक्तस्राव जास्त होता म्हणून सोनोग्राफी, स्तनांची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत मी मनातल्या मनात कॅन्सरने बऱ्याचदा मेले. दिलीप त्या दिवसांत संध्याकाळी नुसता तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसायचा, माझ्यासमोर. मीही सोलायचे. बोटांना काम असलं की मन जरा जागेवर राहतं.

रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी दंडावर लावायचं एक जेल आणि झोपताना घ्यायची एक गोळी दिली. दोन्ही हार्मोनची. मला चाललं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर असेल, रक्ताच्या गाठी झालेल्या असतील, तर गोष्ट वेगळी असते. आपल्या डॉक्टरला सगळं सांगून मगच काय ते घ्या. संध्याकाळनंतरचा चहा बंद झाला. वऱ्हाडातल्या बाईला हे हार्मोनपेक्षा जड जातं, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीला स्तन दुखायचे, मधेच डाग दिसला, मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला होतं असं. पण कळवलंत ते बरं केलंत. थांबलं नाही तर या, बघू." बघावं लागलं नाही. मी थांबले. मला थांबायला कुणी शिकवलं नव्हतं, ते या दुखण्याने शिकवलं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीतून पांघरुणावर ऊन आलं होतं. पांघरुणावर! माझ्या अंगावर पांघरूण होतं. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. दिलीप कप घेऊन दारात उभा होता, कानटोपी घालूनच.

"उठवली नाई तुले," तो म्हणाला. "मस्त झोपली होती." मग जरा घुटमळून, "काढू काय कुलर आता?"

मी म्हटलं, "आता होळीला पुन्हा बसवायचा. राहू द्या." तो हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. तसं त्याचं कधी होत नाही.

अंजनगाव

बरी झाल्यावर पहिलं काम ताईत परत करायचं होतं. त्यापेक्षाही मोठं एक काम होतं, पण ते कसं करायचं हे कळत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला जाऊन काय सांगायचं? की तू उगाच वेडी ठरलीस?

आधी प्रकाशला गाठलं. विचारलं, त्या साली आपला मळा कशाने गेला असेल?

"मूळकूज," तो बांधावरूनच म्हणाला. "पानी साचलं होतं त्या साली. आपलाच नाई, आजूबाजूचे सगळेच मळे बसले होते. जुने लोक सांगत होते मांगं."

"मग आईला कधी सांगितलं नाहीस?"

"तिनं कवा इचारलं?"

त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ती विचारणार नव्हती आणि तो सांगणार नव्हता. मध्ये तीस वर्षं निघून गेली.

आई ओसरीत बसली होती. मी ताईत तिच्या हातात ठेवला आणि सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसंच, सोपं करून. घाम का येतो, झोप का जाते, रडू का येतं. मला काय होत होतं आणि तुला काय झालं असणार. मग मळ्याचंही सांगितलं.

 आई ताइताचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"सगळ्या बायाईले होते काय असं?"

"सगळ्यांना इतकं नाही होत. पण खूप जणींना होतं."

"आन् दवा हाये त्याची?"

"आहे."

"मंग मले त्या भगतापुढं काहून बसवलं?" तिचा आवाज चढला. मी तो चढलेला किती वर्षांत ऐकला नव्हता. "कडूलिंबाच्या फांदीनं मारलं वं त्यानं मले. पाठीवर. दर शनवारी. मी म्हनलं मारा बाप्पा, मळा जाळला मी, मारा."

मारल्याचं मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, की सगळ्यांना होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला जवळ घेतलं. तिची पाठ चोळत राहिले. तिची पाठ आता लहान मुलीएवढी झाली आहे. मला राग आला, फार आला, पण ज्यांच्यावर यायचा ती माणसं भिंतीवर हार घालून बसली आहेत.

थोड्या वेळाने आई उठली. पदर खोचला. "चाल," म्हणाली.

मळ्याच्या दाराशी तिने चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि उंबरा नसलेल्या त्या दारातही पाय जरा उचलून आत गेली. वेलांना हात लावला नाही. दोन ओळींच्या मधल्या ओल्या मातीवर बसली, मग आडवी झाली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. काही बोलेल असं वाटलं होतं. पण तिचा श्वास संथ झाला, तोंड जरासं उघडं पडलं, आणि आई झोपली.

प्रकाश जेवायला बोलवायला आला. दारात चपला बघून आत डोकावला. "आई? आत?"

"झोपली आहे," मी म्हटलं. "बोलू नकोस."

तो तसाच उभा राहिला. मग त्यानेही चपला काढल्या आणि आमच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

संध्याकाळी प्रकाशने माळ्यावरचं जुनं सामान भंगारात द्यायला म्हणून खाली काढलं. त्यात तो टेबलफॅन होता, गंजलेला, एक पातं वाकलेलं. शेजारच्या कमलाबाई बोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाप्पा, लय जुना हाये वो हा. कवा घेतला होता?"

कुणी बोलायच्या आधी आई बोलली.

"माही पाळी गेली त्या साली."

प्रकाशच्या हातातलं सामान हातातच राहिलं. त्या ओसरीत हा शब्द एवढ्या मोठ्याने कधी कुणी उच्चारला नव्हता. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने पदराने फॅनवरची धूळ पुसली, वाकलेलं पातं बोटाने सरळ करून पाहिलं.

"हा भंगारात नको देऊ," ती म्हणाली. "तुह्या बापानं अमरावतीहून आनला होता. माह्यासाठी."